केडगावची प्रूफं

सोमेश्वरनगरहून मोरगाव, सुपे, चौफुला अशी वाट धरली की केडगाव येतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. शंभर वर्षांपूर्वी मिशनच्या छापखान्यात बायका खिळे जुळवायच्या आणि रमाबाई प्रूफं तपासायच्या. छापलं जात होतं मराठी बायबल. बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत ते आणायचं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. एकुलती एक लेक, चाळीस वर्षांची. आईच्या माघारी मुक्तीचा कारभार तिनेच पाहायचा होता. रमाबाईंना मरण नवं नव्हतं. दुष्काळाने आई, वडील आणि बहीण नेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पटकीने पती बिपिनबिहारी मेधावी गेले. तेव्हा मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. आता तीही नाही. ऐकू येत नाही, शरीर थकलेलं, तरी प्रूफांची चळत त्यांनी बाजूला सारली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं.

ही उपासनाच होती.

देवभक्त माणसाने दुःख गिळावं, असं पुष्कळांना वाटतं; सांत्वनाला आलेले लोकही तसंच बोलून जातात. बायबल मात्र माणसाला मनसोक्त रडू देतं. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक विलापाची आहेत, ‘कुठवर?’ असा देवालाच जाब विचारणारी. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पोथीत राहिलं. ईयोबाची दहा लेकरं एका दिवसात गेली. तो झगा फाडतो, डोकं भादरतो आणि त्याच अवस्थेत भुईवर पडून देवाला नमन करतो. आधी सावरायचं आणि मग देवासमोर जायचं, अशी अट तिथे नाही. येशूनेही क्रुसावरून २२व्या स्तोत्राच्या शब्दांतच टाहो फोडला.

त्या टाहोला मराठी चाल दिली ती रेव्हरंड ना. वा. टिळकांनी. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांची ताटातूट आली. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ती वाचताना आजही घसा दाटतो. टिळकांची भजनं ‘उपासना संगीत’मधून मराठी मंडळ्या अजून गातात.

मयत झालेल्या घरी संध्याकाळी मंडळी जमते. सतरंजी अंथरलेली, कोपऱ्यात पेटी. पाळक वचन वाचतात, प्रार्थना होते, मग भजन सुरू होतं. घरची बाई दोन ओळी म्हणते आणि तिचा आवाज फुटतो. तिला ‘गप्प हो’ असं कुणी म्हणत नाही. शेजारी बसलेली तिचा हात धरते आणि अर्धी राहिलेली ओळ उचलते.