मंगळावर हवा कुठून आणणार?

समजा, आपण मंगळावर नुसते उघड्यावर जाऊन उभे राहिलो, तर काय होईल? थंडी वाजेल, असे कोणीही सांगेल. तेथील सरासरी तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पण थंडी वाजायलाही वेळ मिळणार नाही. तेथील हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्काही नाही. इतक्या विरळ हवेत अंगाच्या उबेनेच तोंडातली लाळ उकळू लागते आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते.

मग सगळा ग्रहच पृथ्वीसारखा करून घेतला तर? शास्त्रज्ञ याला ‘टेराफॉर्मिंग’ म्हणतात. कार्ल सेगन यांनी १९६१ मध्ये शुक्राविषयी आणि १९७३ मध्ये मंगळाविषयी असे विचार मांडले होते. मंगळासाठीची युक्ती मोठी आकर्षक आहे. ध्रुवांवर गोठलेला कार्बन डायऑक्साइड तापवून त्याचा वायू करायचा. या वायूचे पांघरूण सूर्याची ऊब धरून ठेवील, त्या उबेने आणखी वायू सुटेल आणि हवा दाट होत जाईल. ज्या वायूने इथे आपली झोप उडवली आहे, तोच तिथे तारणहार!

प्रश्न एवढाच, की तेवढा वायू तिथे आहे का? ब्रूस जकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांनी यानांनी पाठवलेल्या नोंदींवरून २०१८ मध्ये हा हिशेब मांडला. ध्रुवांवरचा साठा मोकळा केला, तर दाब फार तर दुप्पट होईल. सहज हाती लागणारा सगळा वायू गोळा केला, तरी तो पृथ्वीच्या दोन टक्क्यांच्या आसपासच राहील. तापमान दहा अंशांनीही वाढणार नाही. एके काळी मंगळाची हवा बरीच दाट होती. पण त्याचे चुंबकीय कवच नाहीसे झाले आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताने ती हवा अवकाशात उडवून नेली. २०१४ मध्ये तिथे पोचलेल्या ‘मेव्हन’ यानाने ही गळती मोजली आहे. गेलेली हवा परत आणायची कशी, याला आज तरी उत्तर नाही.

धातूच्या सूक्ष्म कांड्या धुळीसारख्या हवेत सोडल्या, तर तापमान ३० अंशांनी वाढवता येईल, असे गणित २०२४ मध्ये काही संशोधकांनी मांडले. तसे झाले तर काही जंतू तिथे जगूही शकतील. माणसाला मात्र श्वास घेता येणार नाही.

थोडासा प्राणवायू मंगळावरच तयार करता येतो, हे ‘पर्सिव्हरन्स’ गाडीवरच्या यंत्राने दाखवले. २०२१ ते २०२३ या काळात त्याने एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू बनवला. एका माणसाला तो जेमतेम साडेतीन तास पुरेल. असे यंत्र मोठे करता येईल, म्हणून वस्ती अगदीच अशक्य नाही. पण ती बंद खोल्यांत असेल आणि अवकाशातून येणारे घातक किरण अडवायला छतावर मातीचा जाड थर लागेल. अशा घराला खिडकी ठेवता येईल का, हा प्रश्न उरतोच.