सांथीच्या काळांतील माणसाचे हक्क

सांथीचा रोग गांवांत शिरला म्हणजे सरकारच्या हातीं एकाएकीं मोठी सत्ता येते. एरव्हीं कोणाच्या घराचा उंबरठा न विचारतां ओलांडतां येत नाहीं. सांथींत तो ओलांडला जातो. रोग्यास घरांतून हलवितां येतें, प्रवाशास वाटेंत अडवितां येतें. अशी सत्ता मुळींच नको, असें कोणी जाणता म्हणणार नाहीं. एका घरांतील रोग शेजारच्या दहा घरांत जाऊं नये हें पाहणें सरकारचें कर्तव्यच होय. प्रश्न एवढाच कीं, ज्याच्यावर ही सत्ता चालते त्या माणसाच्या हातीं काय उरतें?

या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्र फार कटु अनुभवानें शिकला. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत प्लेग ओळखला गेला. ऑक्टोबरांत गिरणी-कामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तेथें नेलेला माणूस परत येत नाहीं, अशी धास्ती लोकांत पसरली होती. पुढें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांविषयीं कायदा झाला. त्यांत अवघीं चार कलमें होतीं. त्यानें सरकारास योग्य वाटतील ते नियम करण्याची मुभा दिली, नियम मोडणारास शिक्षा ठरविली, आणि सद्धेतूनें काम करणाऱ्या अंमलदारांस दाव्यापासून संरक्षण दिलें. रोग्यास काय मिळालें पाहिजे, याविषयीं मात्र त्यांत एक अक्षरहि नव्हतें.

मार्च १८९७ पासून पुण्यांत रँडसाहेबांच्या देखरेखीखालीं गोऱ्या सोजिरांकडून घरांच्या झडत्या झाल्या. देवघर, स्वयंपाकघर, बायकांची खोली, कशाचाहि मुलाहिजा ठेवला जात नाहीं, अशी ओरड झाली. २२ जूनच्या रात्रीं चाफेकर बंधूंनीं रँड यांच्यावर गोळी झाडली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु आरोग्याच्या दृष्टीनें झालेली हानि तितकी बोलली जात नाहीं. झडतीच्या भयानें लोक रोगी दडवूं लागले, गांव सोडून जाऊं लागले. आणि जो रोग कोंडावयाचा, तोच त्यांच्याबरोबर बाहेर पडला.

त्याच पुण्याजवळ दुसरा मार्गहि दिसून आला. हडपसरजवळ सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली. त्या सेवेंतच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजीं सावित्रीबाई निवर्तल्या. टिळकांनीं पुण्यांत हिंदु प्लेग-रुग्णालय उभारण्यांत पुढाकार घेतला. जेथें आपलें माणूस नीट सांभाळलें जाईल असा विश्वास असतो, तेथें रोगी दडवून ठेवण्याचें कारणच उरत नाहीं.

हाच अनुभव पुढें नियमांत उतरला. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारानें सार्वजनिक आरोग्यासाठीं कांहीं स्वातंत्र्यांवर बंधन घालण्यास मोकळीक ठेवली. ती मोकळीक कोठवर ताणावी, याच्या कसोट्या १९८४ मध्यें सिसिलींतील सिराक्यूज येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं मांडल्या. बंधन कायद्यानें घातलेलें असावें, त्याचा हेतु रास्त असावा, तें खरोखर आवश्यक असावें, आणि त्यांत मनमानी वा पक्षपात नसावा. शिवाय सौम्य उपायानें काम होत असेल तर कठोर उपाय योजूं नये. रोग्यास घरींच वेगळें ठेवून भागत असेल, तर त्यास छावणींत ओढून नेणें या कसोटीस उतरत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेचे २००५ चे नियम याहून बारकाईनें बोलतात. अडवून ठेवलेल्या प्रवाशास पुरेसें अन्न, पाणी, निवारा व औषधोपचार मिळावा, त्याच्याशीं सौजन्यानें वागावें, स्त्रीपुरुषभेद व धर्माचार यांची जाण ठेवावी, असें त्यांत आहे. १८९७ च्या पुण्यांत जें नव्हतें, त्याचीच ही जणूं यादी होय.

तथापि २०२० मध्यें कोरोनाची सांथ आली तेव्हां भारतांत १८९७ चाच कायदा पुन्हां हातीं घ्यावा लागला. त्याच वर्षीं त्यांत दुरुस्ती होऊन वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांस कडक शिक्षा ठरली. तें योग्यच झालें; पण रोग्याच्या हक्कांचें कलम तेव्हांहि आलें नाहीं. रोग्यांच्या दारांवर फलक चिकटविले जाऊं लागले, आणि शेजारी त्यांस अस्पृश्यासारखे वागवूं लागले. अखेर डिसेंबर २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, आपत्ति-व्यवस्थापन कायद्याखालीं सक्षम अधिकाऱ्याची आज्ञा असल्याखेरीज असे फलक लावूं नयेत.

रोग्याचे हक्क म्हणजे सांथीच्या बंदोबस्तांतील अडथळा, अशी समजूत अजूनहि आढळते. पुण्याचा अनुभव याच्या उलट आहे. ज्याला आपला मान राखला जाईल अशी खात्री असते, तो ताप अंगावर काढीत नाहीं. आपण होऊन वैद्याकडे जातो. सांथ आटोक्यांत येण्याचा आरंभ तेथूनच होतो.