बोट मंदावली, लाट वाढली

बोटींच्या लाटांचा त्रास होतो म्हटलं की सगळ्यांना पहिला उपाय सुचतो तो वेगमर्यादेचा. ताशी चाळीस किलोमीटरने पळणारी स्पीडबोट अठरावर आणा, लाटा आपोआप निम्म्या होतील, असा हिशेब. रस्त्यावर हा हिशेब चालतो, पाण्यावर उलटा पडतो. सहा-सात मीटर लांबीची मोटारबोट ताशी चाळीसने जाताना जेवढी लाट उठवते, त्याहून मोठी लाट तीच बोट ताशी सोळा-अठराने जाताना उठवते. म्हणजे चांगल्या हेतूने लावलेली मर्यादाही काठावरच्या माणसाचा, मासेमाराचा आणि कयाकमधल्या नवख्या पोराचा त्रास वाढवू शकते. पवना जलाशयासाठी आज ना उद्या असे नियम करावे लागणार आहेत. ते करणाऱ्यांना हे भौतिकशास्त्र माहीत असलंच पाहिजे.

पिंपरी-चिंचवडकरांना पवनेची ओळख करून द्यायची गरज नाही. १९७२ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी साठवतं. नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं, निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध होतं आणि शहराच्या नळांना येतं. तुंग, तिकोना आणि लोहगडाच्या मधलं हे पाणी गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या तरुणांचं शनिवार-रविवारचं ठिकाण झालं आहे. काठावर तंबूंच्या रांगा आणि पाण्यात कयाक, मोटारबोटी दिसतात. त्याच पाण्यात स्थानिक मासेमारांची जाळी असतात, त्याच काठावर गुरं पाण्यावर येतात. प्रत्येकाला हे पाणी हवं आहे, आणि प्रत्येकाला ते वेगळ्या तऱ्हेने शांत हवं आहे.

पाणी कापत जाणारी कुठलीही वस्तू मागे पाचरीच्या आकाराच्या लाटा सोडते. बदक असो की मालवाहू जहाज, खोल पाण्यात या पाचरीचा कोन सुमारे ३९ अंशच भरतो, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८८७ मध्ये गणिताने दाखवलं. खोल पाण्यात लाटेचा माथा ज्या वेगाने धावताना दिसतो, त्याच्या निम्म्याच वेगाने तिची ऊर्जा पुढे सरकते. त्यातून हा कोन निघतो. सव्वाशे वर्षं तो पाठ्यपुस्तकांत पक्का होता. २०१३ मध्ये मार्क राबो आणि फ्रेडरिक मोइझी या फ्रान्समधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी आकाशातून टिपलेल्या बोटींच्या छायाचित्रांवर कोन मोजले आणि वेगवान बोटींच्या मागची ठळक पाचर त्याहून बरीच अरुंद असते, असं दाखवून दिलं. कारण असं की बोट आपल्या लांबीपेक्षा फार लांब लाटा जोमाने उठवू शकत नाही. बोटीची लांबी आणि तिचा वेग यांचं नातं इथे निर्णायक ठरतं.

सहा मीटरची बोट ताशी अकरा किलोमीटरने चालली, की तिच्या लाटेची लांबी बरोबर सहा मीटर होते. एक माथा पुढे नाळेपाशी, दुसरा पिछाडीपाशी, आणि बोट त्या दोहोंच्या मध्ये. इंजिनाला आणखी जोर दिला, की मागचा माथा दूर सरकतो, पिछाडी खोलगटात बसते, नाळ वर उठते. आता बोट स्वतःच उभारलेल्या चढावर चढायला बघते. खंडाळ्याच्या घाटात भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये धूर ओकत रखडतो, तशी तिची अवस्था होते. इंधन भरपूर जळतं, बोट थोडीच पुढे जाते आणि ताकदीचा मोठा वाटा लाटांत जातो. अशा बोटीसाठी हा पट्टा साधारण ताशी १४ ते २५ किलोमीटरचा आहे. त्यापलीकडे ती चढ ओलांडते, पाण्याच्या उचलीवर येऊन पृष्ठभागावरून सरकू लागते आणि लाट खाली येते.

परदेशात लाटेवर फळी घेऊन उभं राहण्याच्या खेळासाठी बनवलेल्या बोटी मुद्दाम याच पट्ट्यात, ताशी सोळा ते एकोणीस किलोमीटरने चालवतात आणि लाट वाढावी म्हणून त्यांच्या पोटातल्या टाक्यांत पाणी भरून वजन वाढवतात. पवनेवर दिसतात त्या साध्या मोटारबोटी. तरी साध्या बोटीचीही तीच गत करायला फार काही लागत नाही. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवली आणि इंजिन लहान असलं, की ती कधी तो चढ ओलांडतच नाही. पूर्ण थ्रॉटल देऊनही नाळ वर आणि पिछाडी खाली अशीच रखडत राहते, काठापासून काठापर्यंत. जास्त भरलेली बोट धोकादायक असते हे आपण बुडण्याच्या बातम्यांतून शिकलो. तीच बोट सगळ्यात मोठी लाट उठवते आणि शेजारच्या छोट्या होडीलाही धोक्यात टाकते, हे फारसं बोललं जात नाही. प्रवाशांना मजा यावी म्हणून धक्क्याजवळ घेतलेले गरगर वळसेही असेच वाईट, कारण वळणाच्या आतल्या बाजूला लाटा एकमेकींवर चढून एकवटतात.

लाटेची खरी किंमत ओळखणारी माणसं आपल्याच शहराच्या उंबरठ्यावर आहेत. दापोडीच्या सीएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, आर्मी रोइंग नोड आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या पाण्याची टंचाई असलेल्या गावातून आलेल्या दत्तू भोकनळने इथेच सराव केला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तो तेरावा आला आणि २०१८ च्या एशियाडमध्ये चौघांच्या स्कल्समध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. एकेरी स्कलची होडी सुमारे आठ मीटर लांब, कंबरेपेक्षा अरुंद, आणि तिचं किमान वजन अवघं १४ किलो. तिची कड पाण्यापासून थोडीशीच वर असते. अशा होडीला लाट लागली की एका बाजूचं वल्हं पाण्यात रुततं, दुसरं हवेत फिरतं. म्हणून शर्यतींत पंचांसाठी कमी लाट उठवणाऱ्या, दोन अरुंद सांगाड्यांच्या बोटी पसंत करतात. शर्यतीच्या २००० मीटर मार्गाचे काठ लाट परतवणारे नसावेत, जिरवणारे असावेत, अशीही अपेक्षा असते. उभी काँक्रीटची भिंत लाट जवळजवळ तशीच परत फेकते. दगडांचा उतरता काठ तिची ताकद मोडतो. थेरगावच्या बोट क्लबचा काठ असो की पवनेचा आणखी कुठला, बांधकामाच्या नकाशावर हा विचार आधी यायला हवा.

लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाने वाढते. १५ सेंटिमीटरची लाट ४५ सेंटिमीटरची झाली, तर काठावर आदळणारी ऊर्जा तिप्पट नव्हे, नऊपट होते. आणि ही लाट लवकर मरत नाही. खोल पाण्यात पाचरीच्या कडेची उंची अंतराच्या घनमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणजे ती निम्मी व्हायला अंतर आठपट व्हावं लागतं. बोटीपासून २५ मीटरवर असलेली लाट अर्धी व्हायला २०० मीटर लागतात. ‘काठापासून जरा लांबून चालवा’ या सूचनेला म्हणूनच अर्थ नाही. ‘जरा’ने काहीच फरक पडत नाही.

उथळ पाण्यात गोष्ट आणखी बिघडते. तिथे लाटेच्या वेगाला खोलीने घातलेली कमाल मर्यादा असते. दोन मीटर खोलीला ती ताशी सुमारे सोळा किलोमीटर भरते. बोट त्याच वेगाने चालली तर तिने उठवलेलं पाणी तिच्या पुढे निसटू शकत नाही, ते साचत जातं. स्कॉटलंडमधल्या युनियन कालव्यावर १८३४ मध्ये जॉन स्कॉट रसेल या अभियंत्याने हे साचलेलं पाणी पाहिलं. घोड्यांनी ओढलेली होडी अचानक थांबली, पण पुढचा पाण्याचा गुळगुळीत उंचवटा थांबला नाही. तो सुटून कालव्यातून पुढे निघाला आणि रसेल घोड्यावरून त्याच्या मागे मैल-दोन मैल गेले. आज प्रकाशतंतूंतल्या संदेशवहनापर्यंत पोहोचलेल्या ‘सॉलिटॉन’च्या अभ्यासाची सुरुवात तिथली. पवनेच्या काठाजवळच्या दोन मीटर पाण्यात ताशी सोळाने जाणारी बोट एकाच वेळी दोन्ही चुका करते: स्वतःच्या लांबीच्या हिशेबाने आणि खोलीच्याही.

काठाचं काय होतं ते पाहायला उन्हाळ्यात जावं. पाणी उतरत जातं तसा उघडा पडलेला उतार दिसतो, माती आणि मुरूम, गवताची मुळंही नसलेली. त्यावर पायऱ्यांसारख्या रेघा असतात; पाणी ज्या पातळीला थोडं थांबलं, तिथे लाटांनी काठ खाल्लेला असतो. यातलं बरंचसं काम वाऱ्याचं, हे मान्य करायलाच हवं. पावसाळी वाऱ्याच्या लाटा कुठल्याही बोटीपेक्षा जास्त वेळ आदळतात. पण वाऱ्याच्या लाटांचा मोसम असतो, आणि आडोशाच्या खाचांमध्ये त्या फार वाढत नाहीत. बोटीच्या लाटा नेमक्या शांत दिवसांत आणि शांत खाचांत पोहोचतात. त्या लांबही असतात. दहा मीटर लांबीची लाट पाच मीटर खोलपर्यंतचं पाणी हलवते आणि तळाचा मऊ गाळ उठवते. गाळासोबत त्यात धरून ठेवलेलं फॉस्फरस पाण्यात मिसळलं, तर शेवाळाला खाद्य मिळतं. नळाच्या पाण्यावर याचा परिणाम किती, हे मोजल्याशिवाय बोलू नये. धरण ते रावेत या प्रवासात बरंच काही खाली बसतं. काठाजवळ अंडी घालणाऱ्या माशांना मात्र तेवढी वाट पाहता येत नाही.

अमेरिकेत बोटींच्या लाटांचा हा वाद बराच पुढे गेला आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये प्रत्यक्ष तलावावर मोजून दाखवलं, की लाटेवरच्या फळीच्या खेळासाठी बनवलेल्या जड बोटीची लाट साध्या बोटीच्या ६० मीटरवरच्या लाटेएवढी व्हायला १५० मीटरहून जास्त अंतर लागतं. व्हरमाँट राज्याने २०२४ मध्ये नियम केला: असा खेळ काठापासून किमान १५० मीटर दूर, किमान सहा मीटर खोल पाण्यात आणि असं सलग वीस हेक्टर क्षेत्र असलेल्या तलावांवरच. हा नियम वेगाचा आकडा मोजत नाही, जागा मोजतो. मला तो योग्य वाटतो.

पण तो तसाच उचलून पवनेला लावता येणार नाही. तिथल्या तलावांची पातळी वर्षभर थोडीच हलते. आपल्या धरणाचा काठ ऑक्टोबरमध्ये एकीकडे आणि मे महिन्यात भलतीकडेच असतो. ऑक्टोबरमध्ये काठापासून १५० मीटरवर बांधलेली तरंगती खूण मेमध्ये कोरड्या चिखलात पडलेली सापडेल. ज्या खाचेत पावसाळ्यानंतर बोट सुरक्षित अंतर राखून फिरते, तिथे उन्हाळ्यात दोन्ही काठांपासून १५० मीटर सुटतच नाहीत. म्हणून आपला नियम पातळीबरोबर हलणारा हवा. जलसंपदा विभाग धरणाची पातळी रोज नोंदवतो. राज्यातल्या धरणांच्या गाळाचं सर्वेक्षण नाशिकची ‘मेरी’ संस्था करते. या दोन्हींवरून प्रत्येक पातळीसाठी एकेक नकाशा काढता येईल. मोटारबोटीचं क्षेत्र इतकं, त्याबाहेर सगळीकडे चालण्याच्या वेगाने, आणि अमुक पातळीखाली मोटारबोट बंद. रोज सकाळी धक्क्यावरच्या फलकावर त्या दिवसाचा नकाशा लागला की पुरे.

हे आताच ठरवण्याचं कारणही आहे. २०२४ च्या मार्चमध्ये कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मुनावळे इथे मोठं जलपर्यटन केंद्र सुरू झालं. उद्या इतर धरणांवरही तसं होईल, आणि होऊ दे. मावळातल्या गावांना त्यातून रोजगार मिळतो. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा बोटीची नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साधनं पाहतो; कुठल्या खाचेत किती लाट चालेल, हे मात्र स्थानिक पातळीवरच ठरवावं लागेल.

मोजणी करणारी संस्थाही लांब नाही. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून पाण्यावर काम करतं आणि बंदरांमधल्या लाटांच्या प्रतिकृती तपासतं. काठापासून ठरावीक अंतरांवर दाबमापक बुडवून, पवनेवर चालणाऱ्याच बोटी रिकाम्या आणि भरलेल्या, वेगवेगळ्या वेगांनी नेऊन बघाव्यात. एकदा भरलेल्या धरणात, एकदा मे महिन्यात. बोटी चालवणाऱ्या गावच्या मुलांनाच त्यात घ्यावं. आपली बोट किती माणसं बसवल्यावर नाळ उचलते आणि मग खाली आणत नाही, हे त्यांना थ्रॉटलवरच्या हाताने कळतं. फक्त त्याची नोंद कुणी करून ठेवलेली नसते.