रिकाम्या डिरेक्टरीचा बंदोबस्त

संगणकावर अखंड चालणाऱ्या प्रत्येक सेवेला काही क्षणभंगुर दप्तर बाळगावे लागते: स्वतःचा प्रक्रिया-क्रमांक, इतर प्रक्रियांशी बोलण्याचे सॉकेट, एकच काम दोघांनी हाती घेऊ नये म्हणून लावलेले कुलूप. संगणक बंद होताच या दप्तराचा अर्थ संपतो, व ते कायमच्या साठ्यात ठेवणे अनिष्ट असल्यामुळे 2011 साली फेडोरा या लिनक्स-वितरणाच्या 15व्या आवृत्तीने त्यासाठी ‘/रन’ ही स्वतंत्र डिरेक्टरी अंगीकारली, व 2015 मध्ये लिनक्सच्या फाइलव्यवस्थेच्या प्रमाणसंहितेत तिला स्थान मिळाले.

‘/रन’चे वास्तव्य डिस्कवर नसून मेमरीत असते, म्हणून यंत्र सुरू होताना ती सदैव कोरी असते. पॅकेज बसवताना तीत निर्मिलेली उपडिरेक्टरी दुसऱ्या आरंभास उरणार नाही, हे जाणून फेडोराच्या नियमांनी दुहेरी तजवीज केली: पॅकेजच्या फाइलयादीत त्या उपडिरेक्टरीची नोंद असावी, आणि शिवाय सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या, दर आरंभी अशा डिरेक्टऱ्या निर्माण करणाऱ्या ‘टीएमपीफाइल्स’ यंत्रणेसाठी एक ओळीची फाइल सोबत असावी, जीत नाव, मालक, गट आणि 0755 सारखा अधिकारांक, म्हणजे मालकास लेखनाची मुभा व इतरांस केवळ वाचन आणि प्रवेश, नमूद असतो.

कंटेनर हा मात्र स्वतंत्र संगणक नव्हे. यजमान यंत्राच्याच कर्नलवर अलग ठेवलेल्या प्रक्रियांचा तो समूह असल्यामुळे तेथे बूट होणेच नाही, आणि बहुधा सिस्टमडीही नाही; हुकूम दप्तरी असतो, बजावणारा अंमलदार नसतो. डेबियन वा उबुंटूच्या कंटेनरात एसएसएच सर्व्हर थेट सुरू करू पाहणाऱ्यास म्हणूनच ‘/रन/एसएसएचडी’ ही विशेषाधिकार-विभाजनाची डिरेक्टरी सापडत नसल्याची तक्रार ऐकावी लागते. गंमत अशी की, ही डिरेक्टरी रिकामीच हवी असते: ओळख पटण्यापूर्वी परक्याशी बोलणारी प्रक्रिया तीत कोंडली जाते, जेणेकरून ती शत्रूच्या ताब्यात गेली तरी त्याच्या हाती एकही फाइल पडू नये.

ज्या साच्यावरून कंटेनर सुरू होतो ती इमेज घडवतानाच डिरेक्टरी निर्माण करावी, हा प्रचलित उपाय. परंतु कंटेनर सुरू करताना ‘/रन’वर मेमरीतील नवी फाइलव्यवस्था चढवली, तर इमेजमधील डिरेक्टरी तिच्याखाली झाकली जाते. तेव्हा तिच्या निर्मितीची जबाबदारी कंटेनरच्या आरंभ-स्क्रिप्टवरही सोपवावी. ‘एमकेडिर’ या आज्ञेस ‘-पी’ जोडले असता डिरेक्टरी आधीच असली तरी ती मुकाट्याने पुढे जाते, म्हणून तरतूद दोन्हीकडे केल्याने बिघडत काहीच नाही.