पदर, बांध आणि हिरकणी कक्ष

वेरूळच्या 14 क्रमांकाच्या लेण्यात सप्तमातृका लेकरांसह ओळीने बसल्या आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीती या मातृदेवतेच्या मांडीवर मूल आहे. या मातांच्या छातीवर वस्त्र जवळपास नाही, तरी त्यांना अश्लील म्हणावं असं कुणाच्या मनात येत नाही. उघडं शरीर आणि अश्लीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या जिल्ह्यातल्या दगडांना दीड हजार वर्षांपासून ठाऊक आहे. मग छत्रपती संभाजीनगरच्या बसस्थानकावर तान्ह्याला पाजणाऱ्या आईने भिंतीकडे तोंड का करावं? नवजात बाळ दिवसातून 8 ते 12 वेळा पितं, आणि त्याची भूक एसटीचं वेळापत्रक पाहत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. पण शेताच्या बांधावर, ओसरीवर, जत्रेत पदराआड पाजणं ही इथलीच रीत आहे. दुसरा आक्षेप, लोकांच्या नजरेचा, खरा आहे. मात्र दोष बघणाऱ्याचा, शिक्षा आईला, हा कुठला न्याय? एसटी स्थानकांवरचे, स्तनपानासाठीचे हिरकणी कक्ष हवेतच, अजून हवेत. ज्या आईला आडोसा हवा, तिला तो मिळालाच पाहिजे. पण कक्ष ही सोय आहे, सक्ती नव्हे. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा कक्षांचा आग्रह धरताना सार्वजनिक ठिकाणच्या स्तनपानाला कलंक मानू नये, असं सांगितलं. आणि आख्यायिका सांगते, रायगडाचे दरवाजे बंद झाले तेव्हा, जिच्या नावाचे हे कक्ष आहेत ती हिरकणी सकाळपर्यंत थांबली नाही. ती कडा उतरून बाळाकडे गेली.