कोंबड्यांच्या सर्दीचा मूत्रपिंडांवर होणारा परिणाम

पिलांची नाके वाहू लागली, रात्री घरघर ऐकू आली आणि आठवडाभरात ती थांबली, म्हणजे रोग गेला, असा पुष्कळ कोंबडीपालकांचा समज असतो. संसर्गजन्य ब्राँकायटिस या रोगात हा समज घातक ठरतो. घरघर थांबल्यावर काही दिवसांतच पिले पुन्हा मलूल होऊन मरू लागतात, आणि दोष मात्र खाद्याला दिला जातो.

हा रोग करोना गटातील विषाणूमुळे होतो. अमेरिकेत १९३१ साली त्याची प्रथम नोंद झाली. विषाणू आधी श्वासनळीच्या अस्तरात वाढतो व तेथून रक्तावाटे इतर अवयवांत जातो. त्याचे काही उपप्रकार मूत्रपिंडांना विशेष इजा करतात. कोंबडीस मूत्राशय नसते. शरीरातील टाकाऊ नत्र ती युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकते. विष्ठेवरील पांढरा थर तो हाच. मूत्रपिंडे बिघडली की पाणी व क्षार शरीराबाहेर जातात आणि युरिक आम्ल आत साचते. मृत पिलू फाडून पाहिल्यास मूत्रपिंडे फिकट व सुजलेली आढळतात, मूत्रवाहिन्या पांढऱ्या द्रव्याने भरलेल्या असतात. कधी हृदयावर व यकृतावर खडूच्या भुकटीसारखा थर दिसतो. पाणी कमी पडल्याने किंवा अंड्यावरील कोंबड्यांचे चुनायुक्त खाद्य लहान पिलांना घातल्यानेही असेच घडते. म्हणून निदान पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे.

घरघर थांबल्यानंतर लक्ष ठेवावे ते पाण्यावर व तुसावर. पिले नेहमीपेक्षा अधिक पाणी पिऊ लागली आणि पातळ विष्ठेने तूस भिजू लागले, तर मूत्रपिंडांस इजा झाल्याची शंका घ्यावी. अशा वेळी तूस कोरडे राहावे म्हणून पाणी तोडणारे लोकही आढळतात! याहून मोठी चूक नाही. पाणी दिवसरात्र भरपूर ठेवावे आणि ओले तूस बदलावे.

विषाणूवर औषध नाही. पिलांना ऊब वाढवावी, कारण थंडीने मरतूक वाढते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाण्यातून क्षार द्यावेत व काही दिवस खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण उतरवावे. सल्फा औषधे स्वतःच्या मनाने देऊ नयेत. त्यांचा भार दुखावलेल्या मूत्रपिंडांवरच पडतो.

राणीखेतची लस या रोगापासून संरक्षण देत नाही. याची लस निराळी असून ती पिलांना पहिल्या काही दिवसांतच द्यावयाची असते. एका घरात एकाच वयाची पिले ठेवावीत आणि नवी तुकडी आणण्यापूर्वी घर रिकामे करून धुऊन घ्यावे.