लाख गळे, एक ठेका

एक साधा प्रश्न विचारतो. एका माणसाऐवजी एक लाख माणसे ओरडली, तर आवाज किती मोठा होईल? ‘लाख पट’ हे उत्तर तुमच्या ओठांवर आलेच असेल. ऊर्जेच्या हिशेबाने ते बरोबरही आहे. पण आपला कान असा हिशेब करीत नाही.

एक लाख माणसे खरोखरच एकदम ओरडतात, अशी ठिकाणे अमेरिकेत आहेत. तेथील विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांना अफाट गर्दी होते. (हा आपला फुटबॉल नव्हे, यात लंबगोल चेंडू बहुधा हातात घेऊनच पळतात.) मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडागारात १,०७,६०१ प्रेक्षक बसू शकतात. पाहुणा संघ चढाईला उभा राहिला की यजमानांचे पाठीराखे मुद्दाम गलका करतात. हेतू हा, की ‘क्वार्टरबॅक’ नावाच्या सूत्रधार खेळाडूचे इशारे त्याच्या सोबत्यांना ऐकूच जाऊ नयेत!

आता गणित करू. ध्वनीची तीव्रता दहा पट झाली की आवाज १० डेसिबलने वाढतो, शंभर पट झाली की २० डेसिबलने. एक लाख म्हणजे दहाचा पाचवा घात, म्हणून वाढ ५० डेसिबल. समजा, ओरडणाऱ्या माणसाचा आवाज १ मीटरवर ९० डेसिबल आहे. मग मैदानाच्या मध्यभागी १४० डेसिबल होतील का? नाही. प्रेक्षक दूर आहेत. सरासरी अंतर १०० मीटर धरले, तर व्यस्त वर्गाच्या नियमाने प्रत्येकाच्या आवाजाची तीव्रता दहा हजारांश होते, म्हणजे ४० डेसिबल वजा. उरले १००. छतावरून व भिंतींवरून परत येणारा आवाज त्यात थोडी भर घालतो, ती वेगळी.

आमच्या प्रयोगशाळेत मी दोन सारख्या विद्युतघंटा एकदम वाजवून दाखवतो. एकीचे ८० डेसिबल, म्हणून दोघींचे १६० होणार या समजुतीने मुले कानांवर हात ठेवून बसतात. काटा ८३ वर थांबतो. मापक बिघडला आहे, असे सांगणारा कोणीतरी दरवर्षी निघतोच.

मैदानावर मात्र १०० डेसिबल पुरेसे असतात. क्वार्टरबॅकने ९० डेसिबलने हाक दिली, तरी २० मीटरवरच्या सोबत्यापर्यंत ६४ च पोचतात. गलका त्या हाकेच्या सुमारे चार हजार पट तीव्र! म्हणून पाहुण्यांना कानांऐवजी डोळ्यांवर भिसत ठेवून, हातवाऱ्यांनी खेळावे लागते. कोणी वेळेआधी हलला की पाच यार्डांचा दंड. २०२४ पासून वरच्या गटातील संघांना शिरस्त्राणात रेडिओ बसवण्याची मुभा मिळाली, पण प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येतो तो एकाच खेळाडूला. इतरांना त्याने ओरडूनच सांगायचे.

आता संगीताकडे वळू. चेंडू खेळात येण्याच्या वेळी लाउडस्पीकर बंद ठेवावे लागतात. नियमाने लाउडस्पीकर बंद करता येतो. गळ्यांना बटन नसते. मधल्या वेळात मात्र गाणी दणाणतात, आणि तेथे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने खरी गंमत आहे. शंभर माणसे आपापल्या लयीत उड्या मारत असतील, तर एक वर असताना दुसरा खाली असतो. धक्के एकमेकांना बऱ्याच अंशी खोडतात आणि एकूण धक्का एकाच्या सुमारे दहा पटच भरतो. तीच माणसे ठेक्यावर एकदम खाली आली, तर धक्का शंभर पट आणि ऊर्जा दहा हजार पट! ओरडण्यात असा मेळ बसत नाही. उड्यांत बसतो, आणि तो बसवते संगीत.

व्हर्जिनिया टेक विद्यापीठात संघ मैदानात उतरताना एका ठरलेल्या गाण्यावर प्रेक्षक उड्या मारतात. त्या हादऱ्यांची नोंद भूकंपमापकांवर झालेली आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९९८ पासून असाच प्रघात आहे. २००३ साली बांधकामाच्या काळजीने तो थांबवला गेला. विद्यार्थ्यांनी ओरड केली, अभियंत्यांनी इमारत सुरक्षित असल्याचे सांगितले आणि उड्या पुन्हा सुरू झाल्या. कधी संगीतही लागत नाही. ८ ऑक्टोबर १९८८ रोजी लुइझियाना स्टेट विद्यापीठाने ऑबर्नला ७–६ असे हरवले. निर्णायक गुण मिळताच उसळलेल्या गर्दीचा हादरा त्याच विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागातील भूकंपमापकाने टिपला. सर्वांनी एकाच क्षणी पाहिलेले दृश्य, हाच तेथे ठेका झाला.

तसे पाहिले तर ठेकाही सर्वांना एकदम ऐकू येत नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. लाउडस्पीकर एकाच टोकाला असतील आणि ठेके सेकंदाला दोन पडत असतील, तर १७० मीटरवरचा प्रेक्षक पुरता एक ठेका मागे राहतो. मधल्या ८५ मीटरवरच्याचे काय होईल, ते तुम्हीच काढा.

वर्तमानपत्रांत मात्र चर्चा विक्रमांची होते. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या क्रीडागाराच्या नावावर १९९२ सालचा १३३.६ डेसिबलचा आकडा सांगितला जातो. असा आकडा वाचला की दोन गोष्टी विचाराव्यात: मापक कोठे होता, आणि हा आवाज किती वेळ टिकला? तुमच्या कानापासून अर्ध्या मीटरवर ओरडणारा शेजारी एकटाच ९६ डेसिबल देतो. दूरच्या लाखांच्या १०० डेसिबलच्या तो फारसा मागे नाही!

‘किती वेळ’ हा प्रश्न तर याहून महत्त्वाचा. नायॉश या अमेरिकी संशोधन संस्थेची शिफारस आहे की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त ऐकू नये. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा करावा. या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटेच मिळतात. १०० च्या गलक्यात १०० चे संगीत मिसळले की १०३, आणि वेळ साडेसात मिनिटे. सामना तर तीन तासांहून अधिक चालतो. गलका सतत नसतो हे खरे, पण त्या साडेसात मिनिटांचा हिशेब कोण ठेवतो? अंतर्कर्णातील नाजूक केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. घरी परतल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर त्या पेशींना ताण सोसावा लागला आहे असे समजावे. फोमची साधी बोळकी नीट बसवली तर आवाज २० डेसिबलपर्यंत कमी होतो. मग १०३ चे ८३ होतात आणि पूर्ण सामना पाहता येतो.

पडताळा पाहायचा असेल, तर वर्गातील पन्नास जणांना मैदानात सारख्या अंतरावर गोलात उभे करा आणि मोबाइलमधील ध्वनिमापक मध्यभागी ठेवा. आधी एकाने, मग पन्नासांनी मिळून ‘आ’ म्हणावे. फरक १७ डेसिबलच्या आसपास यायला हवा. कमी आला, तर कोण नुसतेच तोंड उघडून उभे होते ते शोधा.